'तुमच्यापुढे राजाचे काही चालत नाही' : सिद्कीया आणि आपल्या मंडळ्यांचे नेतृत्व

बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे, शहरातली भाकरी संपत आली आहे, आणि चार सरदार राजापुढे उभे राहून म्हणतात : हा यिर्मया उरल्यासुरल्या शिपायांचे हात ढिले करतो आहे, याला ठार करा. यहूदाचा राजा सिद्कीया उत्तर देतो, तो तुमच्या हाती आहे. तुमच्यापुढे राजाचे काही चालत नाही (यिर्मया ३८:५). सरदार तडक जातात आणि संदेष्ट्याला दोरांनी पहारेकऱ्यांच्या चौकातल्या टाक्यात सोडतात. टाक्यात पाणी नव्हते, चिखल होता. यिर्मया त्यात रुतला.

नेतृत्वाचा विषय निघाला की आपल्या उपदेशपीठांवरून मोशे, यहोशवा, दावीद, नहेम्या यांची नावे घेतली जातात. सिद्कीयाचे नाव कोणी घेत नाही, आणि ही मोठी चूक आहे. नहेम्यासारखे पाळक आणि मंडळीचे (चर्चचे) वडील आपल्याला क्वचित लाभतात. सिद्कीयासारखे मात्र पुष्कळ असतात, आणि ते वाईट माणसे नसतात. त्यांना देवाचे वचन कळते. संदेष्ट्याबद्दल त्यांना आदर असतो. एकट्याने भेटलात तर ते तुमचे म्हणणे पूर्ण मान्य करतात. सभेत मात्र त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. मंडळीचे सर्वांत मोठे नुकसान दुष्ट पुढारी करतात असे आपण समजतो. मला वाटते ते नुकसान हे सज्जन आणि भित्रे पुढारी करतात, कारण त्यांच्याकडे सत्य असते आणि ते बंद दाराआड ठेवलेले असते.

आधी राजाची बाजू समजून घेऊ, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. इ.स.पू. ५९७ च्या मार्चमध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले. बाबेलच्या राजवृत्ताची मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यात नोंद आहे की त्याने अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी यहूदाचे नगर घेतले, तिथल्या राजाला धरले आणि आपल्या मनासारखा राजा नेमला. हा मनासारखा राजा म्हणजे योशीयाचा मुलगा मत्तन्या, वय वर्षे २१. जेत्याने त्याचे नावसुद्धा बदलून सिद्कीया ठेवले. पदच्युत झालेला पुतण्या यहोयाखीन बाबेलमध्ये जिवंत होता. तिथल्या शिधावाटपाच्या पाट्यांवर त्याच्या नावाने तेल दिल्याची नोंद सापडते आणि त्याला 'यहूदाचा राजा' म्हटलेले आहे. बंदिवासातला यहेज्केल संदेष्टा वर्षे मोजतो तीही यहोयाखीनाच्या बंदिवासापासून. म्हणजे लोकांच्या मनातला राजा दुसराच होता. शिवाय राजांच्या दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे सात हजार लढवय्ये आणि एक हजार कारागीर व लोहार बाबेलला नेले गेले होते. कर्ती माणसे गेली होती, आणि मागे उरलेल्यांत जे वरचढ ठरले तेच सरदार झाले.

हे चित्र आपल्याकडे परके नाही. नवा पाळक डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) बदलीने येतो. जुने पाळक निवृत्त होऊन त्याच गावात राहतात आणि लग्न-बाप्तिस्म्याला लोक अजून त्यांनाच विचारतात. खजिनदार वर्षानुवर्षे तेच असतात. शिकलेली, हुशार पोरे पुण्या-मुंबईला किंवा परदेशात गेलेली असतात. अशा ठिकाणी आलेला माणूस दुबळा असतो तो स्वभावाने नव्हे, जागेमुळे. म्हणून पहिला उपाय आध्यात्मिक नसून अगदी साधा आहे. आल्यापासून महिन्याभरात लेखी पत्र देऊन काही कागद मागून घ्यावेत : धर्मादाय कार्यालयातील शेड्यूल वनचा (संस्थेच्या नोंदणीचा) उतारा, जमिनींचे सातबारा आणि मालमत्ता पत्रक, मागील तीन वर्षांचे ऑडिट, बँकेत सह्या कोणाच्या आहेत त्याची माहिती, आणि विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांत द्यायचा चेंज रिपोर्ट दिला आहे की नाही. हे सहा महिन्यांनी मागितले तर तो संशय दिसतो. पहिल्या महिन्यात मागितले तर ती रीत असते. सिद्कीयाने अकरा वर्षे राज्य केले. सरदारांचे चालत होते ते शेवटच्या वर्षी नाही, पहिल्या वर्षापासून.

त्या चौघांतले दोघे तर आपल्याला मातीतूनही भेटले आहेत. यरुशलेममधल्या दावीदनगराच्या उत्खननात २००५ साली 'शलेम्याचा मुलगा यूकाल' आणि २००८ साली 'पशहूराचा मुलगा गदल्या' अशी नावे असलेले मातीचे शिक्के मिळाले. दोन्ही नावे यिर्मया ३८:१ मध्ये शेजारी शेजारी आहेत. 'हात ढिले करणे' हा आरोपही त्या काळच्या लष्करी बोलण्यातला होता. यहूदातल्या लाखीश या नगराच्या वेशीपाशी १९३५ मध्ये खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडली. त्यांतल्या एका पत्रात एक अधिकारी तक्रार करतो की सरदारांचे लिहिणे हात ढिले करणारे आहे. शब्द तोच आहे, पण तिथे तो सरदारांवरच उलटला आहे. संकटाच्या काळात 'तुमच्या बोलण्याने लोकांचा धीर सुटतो' हे वाक्य सत्य सांगणाऱ्याविरुद्ध फार सहज वापरता येते. मंडळीत त्याचे रूप असे असते : 'हे आता बाहेर काढलेत तर मंडळी फुटेल.'

आता राजा देवाचे वचन कसे विचारतो ते पाहू. पहिल्यांदा तो उघडपणे माणसे पाठवतो. पशहूर आणि सफन्या याजक यिर्मयाकडे येतात. परमेश्वर पूर्वी करत असे तसे काही अद्भुत करील आणि वेढा उठेल, अशी त्यांची आशा असते (यिर्मया २१:२). उत्तर नको तसे येते. पुढे पुन्हा निरोप जातो, आमच्यासाठी प्रार्थना करा. उत्तर पुन्हा तेच. त्यानंतर विचारण्याची जागा बदलते. संदेष्ट्याला फटके मारून योनाथान चिटणिसाच्या घरातल्या तळघरात कोंडले जाते, आणि तिथून राजा त्याला बोलावून आपल्या घरी 'गुप्तपणे' विचारतो : परमेश्वराकडून काही वचन आहे काय? यिर्मया म्हणतो, आहे. तू बाबेलच्या राजाच्या हाती पडशील (३७:१७). शेवटची भेट मंदिराच्या तिसऱ्या प्रवेशद्वारापाशी होते, तीही एकांतात. उत्तर आवडेना तेव्हा राजाने प्रश्न विचारणे थांबवले नाही; फक्त कोणाच्या देखत विचारायचा ते बदलले.

यावर एक कसोटी उभी राहते, आणि ती प्रत्येक पाळकाने, वडिलाने, विश्वस्ताने स्वतःला लावून पाहावी. या वर्षभरात मंडळीतल्या एखाद्या माणसाला खासगीत 'तुमचे बरोबर आहे' असे किती वेळा सांगितले, आणि त्यांपैकी किती वेळा तेच वाक्य सभेच्या इतिवृत्तात गेले? या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे आपल्यातला सिद्कीया. अंतर शून्य असावे असे नाही. पाळकाला काही गोष्टी पोटात ठेवाव्याच लागतात. कबुलीजबाब, घरातले भांडण, आजारपण. पण जी गोष्ट सगळ्या मंडळीच्या पैशाची, जमिनीची किंवा सुरक्षिततेची आहे ती एकट्याच्या पोटात राहू शकत नाही.

शेवटच्या भेटीत यिर्मया त्याला दोनच मार्ग सांगतो. बाबेलच्या सरदारांकडे बाहेर गेलास तर तू वाचशील, तुझे घराणे वाचेल आणि शहर जळणार नाही. गेला नाहीस तर शहर जळेल आणि तूही सुटणार नाहीस. राजा काय म्हणतो? जे यहूदी आधीच खास्द्यांना, म्हणजे बाबेलच्या लोकांना, जाऊन मिळाले आहेत त्यांची मला भीती वाटते; ते माझी थट्टा करतील (३८:१९). नबुखद्नेस्सराची नाही, देवाचीही नाही, थट्टेची भीती. हे वाचून कोणालाही वाईट वाटावे. पण हे ओळखीचेही आहे. एखाद्या मुद्द्यावर आपण विरोध केला होता, तो मुद्दा खरा ठरला, आणि आता मान्य केले तर 'आम्ही तेव्हाच सांगत होतो' असे ऐकून घ्यावे लागेल, एवढ्यासाठी कमिट्या वर्षानुवर्षे चुकीचा निर्णय रेटत राहतात. यिर्मया त्याला सांगतो की तुझ्याच वाड्यातल्या बायका म्हणतील, तुझ्या जिवलग मित्रांनी तुला फसवले. तुझे पाय चिखलात रुतले आणि ते मागे फिरले. चिखलातून नुकताच वर काढलेला माणूस हे बोलत होता.

आणि मग राजाचे या भेटीतले शेवटचे बोलणे : हे कोणाला कळू देऊ नकोस, म्हणजे तू मरणार नाहीस. सरदारांनी विचारले तर सांग, योनाथानाच्या घरी परत पाठवू नका अशी विनंती करायला मी आलो होतो. यिर्मयाने सरदारांना तेवढेच सांगितले. गुपित राहिले. त्या भेटीत शहर वाचवण्याचा मार्ग उच्चारला गेला होता. तो मार्ग ज्यांच्या मदतीशिवाय चालता येत नव्हता त्यांनाच तो कळला नाही. गुपिताने राजाचे संरक्षण केले आणि शहराचा घात केला. चौथ्या महिन्याच्या नवव्या दिवशी तट फुटला. राजा रात्री राजाच्या बागेजवळच्या वेशीतून पळाला आणि यरीहोच्या मैदानात सापडला. रिब्ला येथे त्याच्या डोळ्यांदेखत मुलांना मारण्यात आले आणि मग त्याचे डोळे काढण्यात आले. महिन्याभरात मंदिर जाळले गेले. वर्ष इ.स.पू. ५८७ की ५८६ यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

'कोणाला कळू देऊ नकोस' हे वाक्य आजच्या मंडळीत सर्वांत धोकादायक ठरते ते लहान मुलांच्या बाबतीत. रविवारच्या शाळेत, वसतिगृहात किंवा शिबिरात एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची गोष्ट पाळकाच्या कानावर येते. आई-बाप रडत असतात, आरोपी मंडळीतला वजनदार माणूस असतो, आणि 'आपल्यातच मिटवू' असे कोणीतरी म्हणते. इथे पाळकाला निवडीला वावच नाही. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांच्या संरक्षणाच्या, कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे हे ज्याला कळले त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत. पण शिक्षेच्या भीतीने हे करायचे नाही. करायचे ते असे : मुलाला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे नाही, ऐकले ते त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेवायचे, पालकांबरोबर पोलीस ठाण्यात जायचे, संशयित माणसाला त्याच क्षणी मुलांच्या सेवेतून दूर करायचे. आणि 'क्षमा' या विषयावर त्या आठवड्यात त्या पालकांना उपदेश करायचा नाही. क्षमेची वेळ पीडित ठरवतो, पाळक नाही.

सिद्कीयाच्या हातून एक चांगली गोष्टही झाली होती, आणि ती कशी वाया गेली हे आपल्याला जास्त शिकवते. वेढ्याच्या काळात त्याने लोकांशी करार करून सर्व इब्री दास-दासींना मुक्त केले (यिर्मया ३४). नियमशास्त्राप्रमाणे इब्री दासाला सातव्या वर्षी सोडायचे होते आणि तो नियम पिढ्यान्‌पिढ्या मोडला जात होता. म्हणजे ही खरीखुरी सुधारणा होती. मंदिरात, परमेश्वरासमोर, वासराचे दोन भाग करून त्यांमधून चालत जाऊन शपथ घेण्यात आली होती. मग मिसरचे (इजिप्तचे) सैन्य निघाल्याची बातमी आली, खास्द्यांनी वेढा उठवला, शहराने श्वास घेतला, आणि मालकांनी त्याच माणसांना परत धरून आणले. राजाने काही केल्याचा उल्लेख नाही. यिर्मयाचा संताप या प्रसंगी जितका धारदार आहे तितका क्वचितच दिसतो : तुम्ही मुक्ती पुकारली नाही, तर मी तुमच्यासाठी मुक्ती पुकारतो, तरवार, मरी आणि दुष्काळ यांच्या हाती जाण्याची मुक्ती.

संकटात ठराव होतात आणि संकट सरले की विरतात. इमारतीचे छत गळायला लागले की निधी उभारतो, पावसाळा संपला की हिशेब विसरतो. भांडण पेटले की 'कोणीही सहा वर्षांहून अधिक काळ पदावर राहू नये' असा ठराव होतो, आणि पुढच्या निवडणुकीत तीच माणसे बिनविरोध निवडून येतात. ठराव टिकवायचा तर त्याच्यासोबत तीन गोष्टी लिहाव्या लागतात : जबाबदार माणसाचे नाव, तारीख, आणि झाले की नाही हे कोणत्या सभेत वाचून दाखवायचे. सिद्कीयाच्या करारात शपथ होती, साक्षीदार होते, वासरू होते. पाठपुरावा करणारा कोणी नव्हता. सोडलेल्या दासांना तीन महिन्यांनी जाऊन विचारणारा एक जरी माणूस नेमला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आणि पाठपुरावा ज्यांचे नुकसान होणार आहे त्यांच्याकडे सोपवू नये. दास सुटले की नाही हे मालकांना विचारून चालत नाही.

त्याच वेढ्यात, पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत असताना, यिर्मयाने जमीन विकत घेतली. हा प्रसंग आपण आशेच्या उपदेशात वापरतो आणि ते योग्यच आहे, पण व्यवहार कसा झाला तिकडे लक्ष देत नाही. चुलतभाऊ हनामेल अनाथोथचे शेत घेऊन आला. यिर्मयाने सतरा शेकेल, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम चांदी तराजूत तोलून दिली. खरेदीखत लिहिले, त्यावर सही केली, मोहर केली, साक्षीदार घेतले. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती दिल्या, त्या हनामेलाच्या देखत, साक्षीदारांच्या देखत आणि 'चौकात बसलेल्या सर्व यहूद्यांच्या देखत' (३२:१२). मग त्या मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. राजा मंदिराच्या दाराशी कुजबुजतो आणि कैदी चौकात सगळ्यांसमोर चांदी तोलतो.

महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्यांकडे मिशनच्या काळातल्या जमिनी आहेत, आणि शहरे वाढल्यावर त्यांच्या किमती वाढल्या आहेत. त्यांचे व्यवहार ज्या रीतीने होतात त्याने मंडळीची साक्ष सर्वांत जास्त डागाळली आहे. कायदा स्पष्ट आहे. सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या मंडळीची स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदल करायची किंवा दान द्यायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. भाडेपट्ट्यालाही लागते : शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने, आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची असेल तर. गोंधळ होतो तो मंजुरीच्या आधीच्या टप्प्यावर. विकसकाशी बोलणी दोन माणसे करतात, सामंजस्य करार आधी होतो, टोकन घेतले जाते आणि मंडळीला शेवटी विचारले जाते. तोवर 'आता मागे फिरलो तर पैसे परत द्यावे लागतील' असे सांगून हात वर करायला लावतात. क्रम उलटा हवा. गरज काय आहे हे आधी मंडळीच्या सर्वसाधारण सभेत मांडावे. सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून किंमत काढून ती फलकावर लावावी. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन मोहरबंद निविदा मागवाव्यात, त्या सगळ्यांसमोर उघडाव्यात. ठराव मतांच्या आकड्यासह लिहावा, विरोधात किती तेही. मग अर्ज. बोलणीत असलेल्या कोणाचा नातेवाईक व्यवहारात असेल तर त्याने आधी उठून तसे सांगावे आणि मतदानात भाग घेऊ नये. हनामेलही नातेवाईकच होता. म्हणून तर सगळे चौकात केले.

रविवारचे अर्पण मोजण्याची रीतही याच जातीची आहे. उपासना संपल्याबरोबर, मंदिरातच, एका घरातले नसलेल्या दोघांनी मिळून मोजावे, वहीत आकडा लिहून दोघांनी सही करावी, सोमवारी बँकेत भरावे, आणि पुढच्या रविवारी तो आकडा फलकावर असावा. पैसे घरी नेऊन मोजणारा माणूस चोर असतो असे नाही. पण त्याच्यावर संशय आला तर आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायला त्याच्याजवळ काहीच नसते. पारदर्शक रीत ही प्रामाणिक खजिनदाराची ढाल आहे.

दुबळ्या राजाबद्दल बोलले की लोक म्हणतात, खंबीर नेता हवा, धाक असलेला. इथे थांबून विचार करायला हवा, कारण शास्त्रातच याचे उत्तर आहे. सिद्कीयाचा मोठा भाऊ यहोयाकीम खंबीर होता. हिवाळ्यात शेगडीपुढे बसून त्याने यिर्मयाच्या वचनांची गुंडाळी ऐकली आणि तीन-चार रकाने वाचून झाले की चिटणिसाच्या चाकूने कापून आगीत टाकली, संपूर्ण गुंडाळी संपेपर्यंत (यिर्मया ३६). त्याला कोणाची भीती नव्हती. मंडळीला यहोयाकीम मिळाला तर ती सिद्कीयाच्या काळापेक्षा वेगाने बुडते. एकाच माणसाच्या नावावर खाते, त्याच्याच मुलाकडे वारसा, प्रश्न विचारणारा 'अभिषिक्ताला हात लावणारा' ठरतो, अशा मंडळ्या शहरांत वाढताना दिसतात. दुबळेपणावर उतारा धाक हा नाही. धाडस आहे, आणि धाडस म्हणजे दुसऱ्यांसमोर सत्य बोलणे. दुसऱ्यांना गप्प करणे नव्हे.

उलट बाजूने, स्वतःला यिर्मया समजणाऱ्यांनीही जपावे. हनन्या संदेष्ट्याने सर्वांसमोर सांगितले की दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल, आणि यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू काढून मोडले. यिर्मयाने त्याक्षणी शाप दिला नाही. त्याआधी तर तो म्हणाला होता, आमेन, परमेश्वर तसे करो. जू मोडल्यावर तो आपल्या वाटेने निघून गेला. परमेश्वराचे वचन आल्यावरच तो परतला (यिर्मया २८). आज सामाजिक माध्यमांवर पाळकांविरुद्ध रोज संदेश फिरवणाऱ्यांत ही वाट पाहण्याची शिस्त दिसत नाही. मत्तय १८ मध्ये प्रभूने सांगितलेला क्रम आधी एकांताचा आहे, मग दोघा-तिघांचा, मग मंडळीचा. सिद्कीया पहिल्या पायरीवरच थांबला. काहीजण थेट तिसरीवर उडी मारतात, तीही मंडळीत नाही, व्हॉट्सॲपच्या गटात. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न मात्र या पायऱ्यांमध्ये बसत नाही, तो थेट पोलिसांकडेच जातो.

एक गोष्ट यहेज्केलाच्या सतराव्या अध्यायात आहे, ती थोडक्यात. सिद्कीयाने नबुखद्नेस्सराला देवाच्या नावाने शपथ दिली होती आणि ती मोडून मिसरकडे घोडे मागितले. परमेश्वर म्हणतो, माझी शपथ त्याने तुच्छ मानली. शपथ परराष्ट्रीय मूर्तिपूजक राजाला दिली होती, तरी देव तिला 'माझी' म्हणतो. मिशनच्या शाळेतल्या शिक्षकांचा पगार, भविष्य निर्वाह निधीचा भरणा, भाडेकरूशी केलेला करार, दुकानदाराची उधारी, या गोष्टी मंडळीच्या बाहेरच्यांशी केलेल्या असल्या तरी त्या याच यादीत येतात.

आता परत त्या वाक्याकडे, की तुमच्यापुढे राजाचे काही चालत नाही. हे खरे होते का? त्याच अध्यायात, थोड्याच ओळींनंतर, ते खोटे ठरते. एबद-मलेख नावाचा कूशी, म्हणजे आफ्रिकेतला, राजवाड्यातला एक षंढ सेवक राजाकडे जातो. राजा त्या वेळी बन्यामिनाच्या वेशीत बसलेला असतो, लोकांमध्ये. एबद-मलेख स्पष्ट बोलतो : माझ्या स्वामी, या माणसांनी यिर्मयाशी वाईट केले आहे, तो तिथे भुकेने मरेल, शहरात भाकरी उरलेली नाही. तक्रार तीन भागांची आहे : कोणी केले, काय केले, आणि आता काही केले नाही तर काय होईल. राजा तिथल्या तिथे तीस माणसे देतो आणि संदेष्ट्याला मरण्यापूर्वी वर काढ म्हणतो. सरदारांनी अडवल्याचा शब्दही नाही. राजाचे चालत होते. कोणीतरी चारचौघांत विचारले की चालत होते.

म्हणून मंडळीतल्या सामान्य सभासदाने 'आमचे कोण ऐकतो' म्हणून घरी बसू नये. एबद-मलेख परदेशी होता, षंढ होता, त्याला मंदिराच्या सभेत जागा नव्हती. त्याने वेळ निवडली, जागा उघडी निवडली, आरोप नेमका ठेवला आणि मागणी पुरी होण्याजोगी ठेवली. त्याने सरदारांना काढून टाका असे म्हटले नाही. एका माणसाला चिखलातून काढा एवढेच म्हटले. वार्षिक सभेत उठून 'सगळे भ्रष्ट आहेत' म्हणणाऱ्याला राजा काही देऊ शकत नाही. 'वसतिगृहाच्या खात्याचे मागील वर्षाचे ऑडिट पंधरा दिवसांत फलकावर लावा' म्हणणाऱ्याला हो किंवा नाही, एक उत्तर द्यावेच लागते, आणि ते इतिवृत्तात येते.

आणि माणसे मिळाल्यावर तो थेट टाक्याकडे धावला नाही. दोर लावून ओढले तर उपाशी, चिखलात रुतलेल्या माणसाच्या काखा कापल्या जातील हे त्याच्या लक्षात आले. आधी तो राजवाड्यात गेला, भांडाराच्या खालच्या खोलीतून जुन्या चिंध्या आणि फाटके कपडे गोळा केले, ते दोरांनी खाली सोडले आणि यिर्मयाला सांगितले, हे काखेत दोरांखाली घाल. तीस माणसे राजाने दिली होती. चिंध्या एबद-मलेखाने स्वतः शोधून आणल्या.